पंक अल्बम: चार माइक, एक खोली आणि थोडे पैसे

जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक (वेगवान, रांगडं रॉक संगीत) बँडने ५०० पौंड उसने घेऊन स्वतःच्या रेकॉर्डच्या १००० प्रती काढल्या आणि कोणत्या गाण्याचे किती टेक (रेकॉर्डिंगचे प्रयत्न) झाले तेही कव्हरवर छापलं. आजही तोच मार्ग चालतो.

ड्रम, बेस, गिटार एकत्रच वाजवून रेकॉर्ड करा, गायन नंतर. ड्रमला चार माइक पुरतात: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि वर दोन. वरचे दोन्ही माइक स्नेअरपासून अगदी सारख्या अंतरावर हवेत, दोरीने मोजा. नाहीतर स्नेअरचा आवाज पोकळ येतो. ड्रमची कातडी नवी लावा, जुनी मिक्समध्ये (सगळे आवाज एकत्र जुळवताना) सुधारत नाही. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये, आवाजाचं शिखर (मीटरवरचा सर्वांत मोठा क्षण) उणे १० डेसिबलच्या आसपास.

सगळ्यात जास्त घोळ गिटारवर होतो. स्टेजवरचाच डिस्टॉर्शन (गिटारचा फाटका, खरखरीत आवाज) ठेवला तर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) ओळखू येत नाहीत, नुसता गाळ. गेन (हा फाटकेपणा वाढवणारं बटण) कमी करा, तोच भाग दोनदा वाजवा, एक डावीकडे, एक उजवीकडे. कॉपी-पेस्ट चालत नाही: दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या असल्या की आवाज मधोमधच राहतो.

बारा इंची एलपीची (विनाइल तबकडीची) एक बाजू १८-२० मिनिटांत संपवा. आतल्या खाचांत आवाज फाटतो, म्हणून सर्वांत कर्कश गाणं बाजूच्या शेवटी नको.

डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्ट्रीमिंग अॅपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) फाइल प्रदर्शनाच्या चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांना एकच गाणं सुचवता येतं, तेही प्रदर्शनाच्या किमान सात दिवस आधी. बाकी कॅसेट, बिल्ले आणि झेरॉक्स पोस्टर गिगच्या (लाइव्ह कार्यक्रमाच्या) दारातच विका. सुटे पैसे मात्र आठवणीने न्या.