संकेतस्थळासाठी चित्रे एक्सपोर्ट करताना

गणेशोत्सव जवळ आला की इंदूरमधील आमच्या मंडळाच्या संकेतस्थळासाठी दोन प्रकारची चित्रे तयार करावी लागतात: कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे आणि संगणकावर रचलेली कार्यक्रमपत्रिका. दोन्हींना एकच नियम लावला, तर एकतर फाइल विनाकारण जड होते किंवा अक्षरे बिघडतात. म्हणून आधी पिक्सेल, मग फॉरमॅट (चित्र फाइलमध्ये साठवण्याची पद्धत) आणि सर्वांत शेवटी क्वालिटी हा क्रम मी कटाक्षाने पाळतो.

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेले राजवाड्याचे छायाचित्र साधारण ६००० × ४००० पिक्सेलचे असते. पानावर त्याची जागा ८०० पिक्सेल रुंद असेल, तर दाट पिक्सेलच्या पडद्यांचा विचार करूनही १६०० पिक्सेल रुंदी पुरते. तेवढे लहान केल्यावर चित्र १६०० × १०६७ होते आणि एकूण पिक्सेल मूळच्या सुमारे चौदाव्या हिश्श्यावर येतात. डीपीआयच्या (दर इंचाला किती ठिपके, या) रकान्यात ३०० आहे की ७२, याने काहीही फरक पडत नाही. तो आकडा छपाईसाठी असतो.

फॉरमॅट निवडताना देवनागरीची विशेष काळजी घ्यावी लागते. जेपीईजी पद्धत चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातील, डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा टाकून देते. आकाश, चेहरे, दगडी भिंती यांत छटा हळूहळू बदलत असल्याने हे खपून जाते. परंतु सपाट रंगावरील अक्षराची कड एकदम बदलते, त्यामुळे शिरोरेषेभोवती धुरकट ठिपके उमटतात आणि लहान अक्षरांतील रफार व अनुस्वार ओळखू येईनासे होतात. शिवाय जेपीईजीमध्ये रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते, म्हणून भगव्यावरील लाल अक्षरांचे हाल अधिक होतात. अशी पत्रिका पीएनजीमध्ये, म्हणजे बारकावा न टाकणाऱ्या फॉरमॅटमध्ये, काढावी. रंग मोजकेच असतील, तर २५६ रंगांच्या आठ-बिट पीएनजीने फाइल बरीच हलकी होते. मंडळाचे बोधचिन्ह रेषाकृती असेल, तर पिक्सेलऐवजी रेषांचे वर्णन साठवणारा एसव्हीजी फॉरमॅट सर्वांत उत्तम. कार्यक्रमाची वेळ आणि स्थळ मात्र पानावर मजकूर म्हणूनही लिहावे. दृष्टिहीन वाचकांना पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर चित्रातील अक्षरे सहसा वाचू शकत नाहीत.

छायाचित्राची जेपीईजी क्वालिटी ८० च्या आसपास ठेवून सुरुवात करावी. १०० वर फाइल फुगते, पण डोळ्याला फरक क्वचितच दिसतो. परीक्षण करताना चित्र शंभर टक्के आकारात उघडून आकाशाकडे नव्हे, तर राजवाड्याच्या वरच्या लाकडी मजल्यांवरील बारीक नक्षीकडे पाहावे, कारण बिघाड तेथेच आधी दिसतो. गूगलने २०१० मध्ये आणलेले वेबपी हे फॉरमॅट आजचे सर्व प्रमुख ब्राउझर दाखवतात आणि त्याची फाइल सहसा जेपीईजीपेक्षा लहान होते. मात्र वेबपीचे ८० आणि जेपीईजीचे ८० एकसारखे मानू नयेत. प्रत्येक वेळी मूळ फाइलवरूनच नवी प्रत काढावी, कारण जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह केल्याने बिघाड साचत जातो.

एक्सपोर्टच्या खिडकीत मेटाडेटा (चित्रासोबत फाइलमध्ये नोंदलेली जास्तीची माहिती) वगळण्याचा पर्यायही निवडावा. त्याने थोडे किलोबाइट वाचतात, पण माझ्या दृष्टीने महत्त्व वेगळ्याच गोष्टीला आहे: सभासदांच्या घरच्या गणपतीचे छायाचित्र मोबाइलने काढलेले असेल, तर त्या घराचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये नोंदलेले असू शकतात.