बी.एस्सी. केमिस्ट्री करताय? या चुका टाळा

दरवर्षी निकाल लागले की आमच्या क्यू.सी. (मालाचा दर्जा तपासणाऱ्या) विभागात नव्या मुलामुलींच्या मुलाखती सुरू होतात आणि त्या घेण्याचं काम माझ्याकडे येतं. महाड, लोटे, कुरकुंभ, तारापूर, कुठल्याही एम.आय.डी.सी.तल्या लॅबमध्ये हे काम करणाऱ्या माणसाला विचारा, चुका त्याच सांगेल. मार्कशीटवर फर्स्ट क्लास असतो, जर्नल सर्टिफाइड असतं, मुलं हुशारही असतात. तरी साध्या प्रश्नाला अडतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यातली एकही चूक बुद्धी कमी पडल्यामुळे होत नाही. घाईमुळे होते, आणि घाई करायला आपणच शिकवलेलं असतं.

रीडिंग ‘बसवणं’

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती एफ.वाय.लाच सुरू होते. टायट्रेशन म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून किती लागलं ते ब्युरेटवर मोजणं. त्यात अंदाजासाठीचं पायलट रीडिंग झालं. पहिलं ९.५ आलं, दुसरं ९.९. शेजारच्या टेबलावर ९.७ आहे, सरांचंही ९.७ आहे अशी बातमी फिरते. मग वहीत पहिलं, दुसरं, तिसरं, तिन्ही ९.७ आणि सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे स्थिर आलेलं रीडिंग) ९.७. सही होते, मार्क मिळतात. तीन वर्षांत हे इतक्या वेळा होतं की मुलाला ते चुकीचं वाटेनासं होतं.

आमच्याकडे एक ट्रेनी होता. शांत, वेळेवर येणारा, अक्षर सुरेख. त्याला एका बॅचची ‘असे’ (मालात मूळ पदार्थ किती टक्के आहे ते काढणं) टायट्रेशनने करायला दिली होती. नमुना तीनदा वजन करून घ्यायचा आणि तिन्ही वेळा स्वतंत्र टायट्रेशन करायचं. वजनं बॅलन्सच्या प्रिंटवर आली होती: २५१.२, २४९.८ आणि २५४.७ मिलिग्रॅम. ब्युरेटची रीडिंग्ज त्याने लिहिली होती १८.४०, १८.४० आणि १८.४०.

ज्याने आयुष्यात मनापासून चार टायट्रेशन्स केली आहेत त्याला यात काय गडबड आहे ते लगेच दिसेल. कॉलेजात एकाच द्रावणातून दर वेळी पिपेटने १० मिली घेतो, म्हणून रीडिंग सारखं यायला हवं. इथे दर वेळी वजन वेगळं आहे. पहिलं १८.४० खरं धरलं, तर दुसरं १८.३०च्या आणि तिसरं १८.६५च्या आसपास यायला हवं. तिन्ही सारखी येणं शक्यच नव्हतं. हिशेब केल्यावर उत्तरं आली ९९.३, ९९.९ आणि ९७.९ टक्के. खालची मर्यादा होती ९८.५. म्हणजे मनाने लिहिलेल्या आकड्यामुळे चांगली बॅच कागदावर नापास झाली.

ओ.ओ.एस. (आउट ऑफ स्पेसिफिकेशन, मर्यादेबाहेरचा निकाल) नोंदवावा लागला, चौकशी लागली, बॅच अडकली, डिस्पॅच थांबला. दुसऱ्या केमिस्टने नव्याने वजन करून टायट्रेशन केलं आणि माल उत्तम निघाला. त्या मुलाने एकदाच टायट्रेशन केलं होतं. मी विचारलं तेव्हा त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, ‘मॅडम, तिन्ही सारखीच येतात ना?’ त्याला कायम केलं गेलं नाही. मला आजही वाटतं की त्या नोकरीचा बळी त्याच्या कॉलेजच्या प्रॅक्टिकल टेबलावर गेला. सरांच्या रीडिंगच्या जवळ जाईल त्याला मार्क, ही पद्धत ज्यांनी चालू ठेवली त्यांनी यावर विचार करावा.

औषध कारखान्यात हा प्रश्न नोकरीच्याही पलीकडे जातो. परदेशी तपासनीस येतात तेव्हा तयार रिपोर्ट बाजूला ठेवून कच्च्या नोंदी मागतात. अमेरिकेच्या एफ.डी.ए.ने (औषध नियामक संस्थेने) २०१८ साली डेटा इंटिग्रिटीवर, म्हणजे नोंदींच्या खरेपणावर, वेगळी मार्गदर्शक सूत्रं काढली ती याचसाठी. आकडा कोणी, कधी, कशावरून लिहिला हे दिसलं पाहिजे. एकाच्या बनावट नोंदीने पूर्ण प्लांटची निर्यात अडकू शकते.

यावर माझे उपाय सवयीचे आहेत. वही पेनानेच लिहा. पेन्सिल आणि व्हाइटनर लॅबमध्ये आणूच नका. कच्च्या चिठोऱ्यावर रीडिंग घेऊन मग ‘फेअर’ करायचं नाही, आकडा थेट वहीत. चुकलं तर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, जुना आकडा वाचता आला पाहिजे. ब्युरेट नेहमी शून्यावरच आणायचा अट्टहास नको, ०.३वर असेल तर सुरुवातीचं रीडिंग ०.३ लिहा. आणि ९.५, ९.९ आलं तर तेच लिहून चौथं टायट्रेशन करा. फरक का पडला ते शोधताना तुम्ही जे शिकाल ते कुठल्याही गाइडमध्ये नाही. बहुतेक वेळा ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्यानेच धुतलेली नसते, किंवा नळाच्या टोकात हवेचा बुडबुडा असतो, किंवा फिनॉल्फ्थॅलिनचा रंग फिकट गुलाबी होण्याऐवजी गडद होईपर्यंत थेंब पडत राहिलेले असतात. परमँगनेट-ऑक्झॅलेट करताना फ्लास्क ६०-७० अंशांपर्यंत गरम केलेला नसेल तर पहिल्या थेंबांचा रंग लवकर जात नाही, आणि घाईचा मुलगा तिथेच एंड पॉइंट आला समजतो.

हिशेब टाळणं

मुलाखतीत माझा ठरलेला प्रश्न आहे. बाटलीवर लिहिलंय हायड्रोक्लोरिक ॲसिड ३७ टक्के, घनता १.१८. मला ०.१ मोलरचं (लिटरमागे ०.१ मोल) एक लिटर द्रावण करून द्या.

बरेच जण एन वन व्ही वन (द्रावण पातळ करण्याचं सूत्र) लिहितात आणि थांबतात, कारण एन वन कुठून आणायचा ते माहीत नसतं. काही जण ३.६५ ग्रॅम ॲसिड वजन करतो म्हणतात, म्हणजे बाटलीत ६३ टक्के पाणी आहे हे विसरतात. खरं तर हिशेब दोन ओळींचा आहे. एक लिटर ॲसिडचं वजन ११८० ग्रॅम, त्याचे ३७ टक्के साधारण ४३७ ग्रॅम, त्याला ३६.५ने भागलं की जवळपास १२ मोलर. म्हणून सुमारे ८.४ मिली ॲसिड घ्यायचं, आधी फ्लास्कमध्ये पाणी घेऊन त्यात ते हळूहळू ओतायचं आणि मग खुणेपर्यंत भरायचं.

मग मी विचारते, हे बरोबर ०.१ आहे का? इथे शांतता पसरते. एफ.वाय.च्या जर्नलमध्ये ‘स्टँडर्डायझेशन’ असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, पण ते कशासाठी केलं हे सुटलेलं असतं. बाटलीवरची टक्केवारी अंदाजे असते, म्हणून निर्जल सोडियम कार्बोनेटविरुद्ध तपासायचं. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून ते कितीही काळजीने तोललं तरी उपयोग नाही, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट लागतं. एवढं सांगणाऱ्या मुलीला मी मार्कशीट न बघता दुसऱ्या फेरीला पाठवते.

मोबाइलवर आकडा टाकून उत्तर मिळतं हे मला ठाऊक आहे. पण दशांशचिन्ह एक घर सरकलं तर ते ओळखायला हाताने केलेल्या हिशेबांचा अंदाज लागतो. मी माझ्या ट्रेनींना सुरुवातीचे काही महिने कागदावरच हिशेब करायला लावते. तुम्हीही रोज सकाळी एक बाटली निवडा, लेबल वाचा, तिची मोलॅरिटी काढा.

पंधरा दिवसांचा ‘एच.पी.एल.सी. एक्सपर्ट’

एच.पी.एल.सी. म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. ते शिकवणाऱ्या कोर्सची कहाणी ठरलेली: शंभर टक्के प्लेसमेंटची जाहिरात, एक मशीन, भोवती वीस मुलं, शेवटी सर्टिफिकेट. घरच्यांनी कष्टाने जमवलेले पैसे यात जातात याचा मला राग येतो. सर्टिफिकेट दाखवणाऱ्याला मी विचारते: मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) गाळून डीगॅस का करायचा? सी-१८ कॉलमवर जास्त ध्रुवीय संयुग आधी बाहेर येतं की नंतर? बफर वापरल्यावर थेट मेथॅनॉल का सोडायचं नाही? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं: ध्रुवीय संयुग आधी येतं, आणि बफरचे क्षार कॉलममध्ये साका धरतात म्हणून मध्ये पाण्याने धुवायचं. पुस्तकातला भाग नीट वाचला असता तर ही उत्तरं फुकट मिळाली असती.

कॉलेजातला पी.एच. मीटर बफरने स्वतः कॅलिब्रेट करा, कलरीमीटरवर पाच मापांचा आलेख काढा, लॅब असिस्टंटशी ओळख ठेवून सुटलेल्या वेळात काम करू द्यायला सांगा. अप्रेंटिस कायद्याखाली पदवीधरांनाही स्टायपेंडसह कारखान्यात शिकता येतं. ते त्या कोर्सपेक्षा कितीतरी चांगलं.

आणखी काही

जाहिरातीतली पात्रता न वाचता करिअर ठरवू नका. अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचं असेल तर केमिस्ट्रीत पदव्युत्तर पदवी लागते, नुसती बी.एस्सी. केमिस्ट्री चालत नाही. औषध उत्पादनात मान्यताप्राप्त केमिस्ट व्हायला पदवीनंतर उत्पादनाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून शिफ्ट नको म्हणून प्रॉडक्शन नाकारताना हेही मोजा. पेटंट एजंटची परीक्षा विज्ञानाच्या पदवीवर देता येते, याकडे फार कमी मुलं बघतात.

सगळे जातात म्हणून ऑरगॅनिक घेऊ नका. ॲनालिटिकलवाल्यांना माझ्या ओळखीच्या प्रत्येक लॅबमध्ये मागणी आहे.

चपला घालून लॅबमध्ये येऊ नका. तोंडाने पिपेट ओढू नका. लासेन टेस्टला (सेंद्रिय पदार्थातली मूलद्रव्यं ओळखायची चाचणी) सोडियम हाताळताना चष्मा हवाच, यावर माझ्याशी वाद घालू नका.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी बाहेर पडायची सोय आहे म्हणून आपोआप बाहेर पडू नका. चौथं वर्ष केलं तर एम.एस्सी. एका वर्षाची होऊ शकते, आणि ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला अर्जही करता येतो.

आणि गणित सोडू नका. बारावीला गणित असेल तर बी.एस्सी.नंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता उघडा राहतो. आय.आय.टी.त एम.एस्सी. करायची असेल तर जॅम या प्रवेश परीक्षेच्या केमिस्ट्रीच्या पेपरमध्येही कलन, मॅट्रिक्स, व्हेक्टर येतात. मुलं टी.वाय.च्या दिवाळीनंतर जागी होतात, तोवर अर्जाची मुदत बहुधा संपलेली असते, कारण अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचे असतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. तयारी एस.वाय.ची परीक्षा संपली की लगेच सुरू करा. तीन तासांत ६० प्रश्न आणि १०० गुण असतात. एक पर्याय निवडायच्या प्रश्नांत चुकलं तर गुण कापले जातात, पण संख्या लिहायच्या प्रश्नांत कापले जात नाहीत, त्यामुळे त्यातला एकही कोरा सोडू नका.