शेळीच्या दुधाचा चक्का

आमच्या दोन संगमनेरी शेळ्यांचं मिळून सकाळी लिटरभर दूध निघतं. पहिल्यांदा विरजण लावलं तेव्हा दही इतकं पातळ लागलं, की विरजणच मेलं समजून मी सगळं ओतून दिलं. दोष विरजणाचा नव्हता. दह्याला घट्ट धरून ठेवणारं अल्फा-एस१ नावाचं केसीन, म्हणजे दुधातलं एक प्रथिन, शेळीच्या दुधात कमी असतं. म्हशीच्या दुधासारखं कवडी दही त्याचं होत नाही. म्हणून मी आता चक्काच बांधते.

खरी मेहनत धार काढायच्या आधीच. सासूबाई ओरडायच्या, "अगं, आधी तो बोकड लांब बांध!" बरोबरच होतं त्यांचं, बोकड जवळ असला की दुधाला उग्र वास येतो. कास कोमट पाण्याने धुऊन कोरडी पुसायची, पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या काढून टाकायच्या, दूध लगेच फडक्यातून गाळून तापवायला ठेवायचं. उन्हाळ्यात तासभर तसंच राहिलं तरी वास धरतं.

उकळी आली की गॅस बारीक करून दहा मिनिटं ढवळत राहा. यानेही दही जरा दाट लागतं. मग करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता येईल इतकं निवू द्या, थर्मामीटर असेल तर ४२ अंश. लिटरला दोन चमचे ताजं दही घोटून मिसळायचं. गाईचं चालतं. पातेलं गोधडीत गुंडाळा आणि झाकण उघडून बघू नका. उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरतात, थंडीत मी रात्रभर ठेवते.

लागलेलं दही आधी फ्रिजमध्ये चांगलं गार करायचं. कोमट दही बांधलं तर अर्धं फडक्यातून खाली येतं, हा माझा अनुभव. दुहेरी मलमलीत बांधून रात्रभर फ्रिजमध्येच चाळणीवर ठेवा. लिटरला पाव किलोच्या आसपास पांढराशुभ्र चक्का मिळतो. श्रीखंड करायचं तर जायफळ सढळ हाताने घाला. खाली गळलेल्या पाण्यात मी बाजरीचं पीठ भिजवते.

दूध पचत नाही म्हणून कुणी शेळीचं मागायला येतं. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, यातही जवळपास गाई-म्हशीच्या दुधाएवढंच असतं, हे मी सांगून टाकते.

आणि बांधायच्या आधी विरजणापुरतं दही वाटीत काढून ठेवा. मी दोनदा विसरले, दोन्ही वेळा वाटी घेऊन शेजारी जावं लागलं.