एसीच्या खोलीत फिशटँक थंड ठेवताना

नागपुरात मे महिन्यात बाहेरचे तापमान ४४-४५ अंशांवर गेले, की हॉलमधल्या टाकीचे पाणी दुपारपर्यंत सहज ३३-३४ अंशांना पोहोचते आणि मासे पृष्ठभागाशी तोंड लावून किंवा फिल्टरच्या धारेखाली गोळा होऊ लागतात. त्यांना भूक लागली आहे असे समजून वरून खाणे टाकले जाते, आणि बहुतेक टाक्या तिथेच बिघडतात. पाणी तापले की त्यात विरघळून राहणारा प्राणवायू कमी होतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. नेमक्या याच वेळी माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते, आणि न खाल्लेले अन्न कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकते.

घरात एसी असेल तर त्याचा उपयोग जरूर करावा. मात्र एसी थंड करतो ती खोली, आणि पाणी तिच्या मागून कित्येक तासांनी थंड होते. आमच्या घरची टाकी दोन फुटी, म्हणजे २४ × १२ × १२ इंचांची असून तिच्यात साधारण ५६ लिटर पाणी मावते. रात्री दहा वाजता एसी २६ अंशांवर लावला तेव्हा तिचे पाणी ३३ अंशांवर होते आणि सकाळी सहा वाजता ते साडेएकोणतीसवर आले होते. खोली अर्ध्या तासात गार झाली होती, पाण्याला मात्र अख्खी रात्र लागली. पाणी लवकर उतरावे म्हणून एसी १८ अंशांवर नेण्याचा मोह होतो, पण तसे केल्याने रात्री पाणी फार खाली जाते आणि दुपारी एसी बंद झाला की पुन्हा चढते. हे रोजचे वरखाली होणे माशांना एकसारख्या ३० अंशांपेक्षाही जड जाऊ शकते, आणि पाणी अचानक गारठले की पांढऱ्या ठिपक्यांचा आजार उद्भवण्याचा धोका वाढतो. म्हणून एसी २६-२७ अंशांवरच ठेवावा आणि उरलेले काम पंख्याकडे सोपवावे.

पंख्याचे काम किती मोठे असते, हे थोड्या हिशेबाने लक्षात येईल. गोठवलेली एक लिटरची बाटली ५६ लिटर पाण्यात सोडली, तर पाणी फार तर दोन अंशांनी उतरते. तेच एक लिटर पाणी पंख्याच्या वाऱ्याने वाफ होऊन उडून गेले, तर ते बाटलीच्या पाचपट उष्णता सोबत घेऊन जाते. एसी खोलीतल्या हवेचा दमटपणा काढून टाकत असल्यामुळे त्या कोरड्या हवेत हे बाष्पीभवन चांगले होते, आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत जो पंखा एरवी फारसा उपयोगी पडत नाही, तोच एसीच्या खोलीत कामाला येतो. टाकीचे काचेचे झाकण काढून त्या जागी जाळी बसवावी आणि छोटा टेबलफॅन पृष्ठभागावरून तिरका वारा जाईल अशा बेताने ठेवावा. पाणी खोलीच्या तापमानाच्याही दोन-तीन अंश खाली उतरू शकते. ज्या खोलीत कूलर चालू असतो तिथली हवा आधीच ओलसर झालेली असते, म्हणून तिथे हा लाभ कमी मिळतो.

उडून गेलेल्या पाण्याबरोबर क्षार उडत नाहीत, ते टाकीतच साचतात. म्हणून रोजची घट आरओच्या पाण्याने भरावी आणि आठवड्याचा नेहमीचा पाणीबदल चुकवू नये. गच्चीवरच्या टाकीचे पाणी मे महिन्यात दुपारी हात भाजेल इतके तापलेले असते, तेव्हा पाणी बदलायचे ते सकाळीच, आणि तेही आदल्या रात्री बादलीत भरून क्लोरीन घालवलेले. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी स्वच्छ दिसते आणि फुकट मिळते, पण ते तांब्याच्या कॉइलवरून, तिथली धूळ आणि बुरशी सोबत घेऊन आलेले असते. कोळंबी पाळणाऱ्यांनी तर ते टाकीजवळही आणू नये, कारण तांब्याचा अल्पसा अंशही कोळंबीला घातक ठरतो.

टाकी बेडरूममध्ये हलवायची असेल तर ते काम मार्चमध्येच उरकावे. भरलेली टाकी कधीही उचलू नये, कारण ५६ लिटर पाणी, वाळू आणि काच मिळून वजन ७० किलोंच्या वर जाते. हलवताना फिल्टरमधला स्पंज टाकीच्याच पाण्यात ओला ठेवावा. जागा अशी निवडावी, की एसीचा झोत थेट काचेवर येणार नाही आणि टाकी इनडोअर युनिटच्या खाली असणार नाही.

सर्वच माशांना गारवा मानवतो असे नाही. गोल्डफिशला १८ ते २२ अंश रुचतात, गप्पीला २४ ते २८ चालतात, आणि डिस्कसला मात्र २८-३० अंश लागत असल्यामुळे रात्रभर एसी असलेल्या खोलीत त्याच्या टाकीत हीटरच लावावा लागतो. फायटर आणि गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात. त्यांच्या टाकीचे झाकण पूर्ण उघडून गार वारा सोडू नये, शिवाय फायटर उडी मारतो तो वेगळाच.

बंद खोलीतला आणखी एक धोका सहसा ध्यानात येत नाही. एसी लावला की खिडक्या बंद होतात आणि डासांसाठी लिक्विडचे मशीन सुरू होते. त्यातले पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक माणसाला फारसे बाधत नाही, पण माशांसाठी जहाल विष असते, आणि एअर पंप खोलीतली हीच हवा ओढून पाण्यात सोडत राहतो. टाकी असलेल्या खोलीत मशीन, कॉइल किंवा स्प्रे काहीही वापरू नये, मच्छरदाणी लावावी.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्री वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप आधी सुरू करावा, कारण त्या घडीला तापमानापेक्षा प्राणवायू महत्त्वाचा असतो. खाणे त्या दिवशी बंद ठेवावे. वीज लवकर येण्याचे चिन्ह नसेल तरच फ्रीझरमधली झाकणबंद बाटली टाकीत तरंगत सोडावी, आणि थर्मामीटर दोन अंश उतरलेला दाखवू लागला की ती बाहेर काढावी.