काळ्या रानातून नायट्रेट विहिरीत कसं उतरतं हे शोधायचंय? मग खड्डा असा घ्या

विहिरीच्या पाण्यात नायट्रेट निघालं की बहुतेक जण पाण्याचीच बाटली परत परत लॅबला देत बसतात, पण ते कुठल्या वाटेनं खाली आलं हे कळायचं असेल तर रानात खड्डा घ्यावाच लागतो. आमच्या पट्ट्यात वर काळी माती, खाली चुनखडीचे खडे, मग मुरूम आणि तळाला कातळ. हा कातळ म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि तोच पाण्याने कुजत कुजत मुरूम आणि वरची माती झालाय.

खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. एक भिंत खुरप्याने तासून ताजी करा आणि नमुने खालून वर घेत या, वरून सुरुवात केली की वरची माती ढासळून खालच्या थरात मिसळते आणि सगळी मेहनत वाया. घमेलं प्लास्टिकचंच हवं. मी पहिल्यांदा घरचं जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं नेलं होतं, रिपोर्टमध्ये जस्त इतकं आलं की ते नमुने टाकूनच द्यावे लागले, तेव्हापासून हे प्रत्येकाला आधी सांगतो. चिठ्ठी पेन्सिलने लिहून पिशवीत टाका, खोलीसुद्धा लिहा. नायट्रेटचा नमुना थेट बर्फाच्या डब्यात, कारण ओल्या मातीत जिवाणू काम करतच राहतात. बाकीचे सावलीत वाळवून 2 मिमीच्या चाळणीतून काढा.

आता खरी गंमत भेगांची. उन्हाळ्यात काळं रान फाटतं आणि पहिला मोठा पाऊस त्या भेगांतून सरळ खाली जातो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर विहिरीपासून लांब, मे महिन्यात, एक पत्र्याचं गोल कडं जमिनीत थोडं दाबा, त्यात खाण्याचा निळा रंग मिसळलेलं पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी तिथेच खणा. मातीचं ढेकूळ फोडलं तर आत कोरडं आणि काळंच, पण भेगेच्या दोन्ही कडा निळ्या, आणि ती निळी रेघ पार चुनखडीपर्यंत उतरलेली. एकदा बघाल तर युरिया पावसाच्या तोंडावर का टाकू नये हे कुणी समजवायची गरज राहत नाही.

नायट्रेटच का इतकं पळतं? काळ्या मातीच्या चिकणकणांवर ऋणभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणभारच, त्यामुळे माती त्याला धरत नाही. अमोनियम मात्र चिकटून बसतं. तांबं, शिसं अशा धातूंचंही तसंच, चुनखडीच्या अल्कधर्मी मातीत ते सहसा वरच अडकतात.

खडक किती कुजलाय ते काढायला एक नमुना ताज्या कातळाचाही घ्या आणि टायटॅनियमशी तुलना करा, कारण ते जवळपास जागचं हलत नाही. समजा कातळाच्या मानाने मातीत टायटॅनियम दुप्पट आणि कॅल्शियम निम्मं आलं, तर कॅल्शियमचं 0.5 भागिले टायटॅनियमचं 2 म्हणजे 0.25 उरलं, म्हणजे कॅल्शियम 75 टक्के वाहून गेलं. पण चुनखडीच्या थरात हे गणित फसतं, वरून गेलेलं कॅल्शियम तिथेच साठलेलं असतं.

पाण्याचा रिपोर्ट हातात आला की आधी नायट्रेट लिहिलंय का नायट्रेट-नायट्रोजन ते बघा. पिण्याच्या पाण्याची 45 मिलिग्रॅम प्रति लिटरची मर्यादा नायट्रेटची आहे, नायट्रोजनमध्ये धरली तर तीच साधारण 10 होते, आणि नायट्रोजनमधला 20 आकडा, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट, बघून निर्धास्त राहिलेले लोक मी पाहिलेत.