माळ्यावरचा स्पेक्ट्रम पुन्हा कामाला लावताना

माळ्यावरून किंवा जुन्या बाजारातून झेडएक्स स्पेक्ट्रम हा १९८०च्या दशकातला घरगुती संगणक हाती आला की पहिला मोह होतो तो लावून बघण्याचा. तो आवरा. चाळीस वर्षे पडून राहिलेल्या या यंत्राचे मोठे नुकसान बहुतेक वेळा त्या पहिल्या मिनिटातच होते, आणि कारण जवळजवळ नेहमी विजेचे असते. म्हणून आधी वीज, मग चित्र, मग बटणे आणि सर्वांत शेवटी मेमरी कार्ड, या क्रमाने जा. मेमरी कार्डाची जोडणी सगळ्यांना आधी हवी असते, पण उलट्या क्रमाने पैसे घालवलेत तर तेच काम दोनदा करावे लागेल.

इथे लिहिले आहे ते ४८के, म्हणजे ४८ केबी मेमरीच्या स्पेक्ट्रमबद्दल: १९८२ सालचा रबरी बटणांचा, १९८४ सालचा कडक बटणांचा स्पेक्ट्रम प्लस, आणि डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने आपल्याकडे विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस. १९८४ पासून क्लास या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात आपल्या शाळांना मिळाले ते बीबीसी मायक्रो, हा वेगळा संगणक. त्यांना हे लागू नाही. त्यांच्या आत २३० व्होल्टचा वीजपुरवठा असतो आणि त्यातला जुना फिल्टर कपॅसिटर धूर काढून फुटण्याबद्दल प्रसिद्ध आहे.

वीज

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो, मूळ अडॅप्टर १.४ अँपिअरचा. खरी गोम पिनेत आहे. आपल्याकडच्या राउटरच्या आणि सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरमध्ये मधली पिन धन असते, स्पेक्ट्रमला मधली पिन ऋण हवी. तोच गोल जॅक, तीच मापे, त्यामुळे राउटरचा अडॅप्टर अगदी सहज बसतो आणि यंत्र मारतो. मल्टिमीटरची लाल सळी जॅकच्या मधल्या छिद्रात आणि काळी बाहेरच्या कडेला लावा. आकड्याआधी वजाचे चिन्ह दिसले तरच तो अडॅप्टर चालेल.

मूळ अडॅप्टर सापडला तर त्याच्यावर काही जोडलेले नसताना मीटर १२-१३ व्होल्टसुद्धा दाखवतो. तो बिघडलेला नाही, त्या काळी अडॅप्टरमध्ये नियमन नसायचे. तरीही नवा, नियमन असलेला ९ व्होल्ट २ अँपिअरचा घ्यावा. गिटारच्या पेडलसाठी वाद्यांच्या दुकानात मिळणारे ९ व्होल्टचे अडॅप्टर बहुधा मधे ऋणच असतात. फक्त अँपिअर वाचा, कारण त्यातले बरेच अर्ध्या अँपिअरचे असतात आणि ते पुरत नाहीत.

आता खोका उघडा. खालचे स्क्रू काढून यंत्र सरळ ठेवा आणि वरचा भाग अगदी हळू उचला. बटणांच्या पटलाच्या दोन चपट्या पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात. त्या सरळ वर ओढून सोडवायच्या, वाकवायच्या नाहीत. पट्ट्यांचे प्लॅस्टिक आता पापडासारखे झालेले असते.

बोर्डावर नळीच्या आकाराचे, दोन्ही टोकांना तार असलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दिसतील. ते सरसकट बदला. १, ४.७, २२ आणि १०० मायक्रोफॅरड अशी ठरावीक मापे असतात, पण कुठे कोणते हे बोर्डाच्या आवृत्तीवर अवलंबून आहे, म्हणून बोर्डावर छापलेला इश्यू क्रमांक आधी पाहा. उपटण्यापूर्वी प्रत्येकाचा फोटो काढा, धन टोक कुठे ते दिसेल असा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ तशा आडव्या तारांचे कपॅसिटर विचारलेत तर दुकानदार उभे काढून देईल. उभेही चालतात. एक पाय लांब ठेवून वाकवा आणि त्यावर स्लीव्ह चढवा, नाहीतर तो शेजारच्या तारेला टेकतो.

सोल्डरिंगची इस्त्री ३४० अंशांच्या आसपास, आणि एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. या बोर्डांवरचे तांब्याचे ठिपके पटकन सुटून येतात.

दुसरा बदल ७८०५ रेग्युलेटरचा, म्हणजे ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करणाऱ्या भागाचा. तो जादाची वीज उष्णता करून फेकतो आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये तासाभरात खोका इस्त्रीसारखा तापतो. त्याच्या जागी, त्याच तीन पायांच्या क्रमात बसणारे १ अँपिअरचे स्विचिंग मॉड्यूल मिळते. ते लावले की ॲल्युमिनियमचा मोठा पत्रा काढून टाकता येतो. या यंत्रावर एकच खर्च करायचा असेल तर तो हा करा.

पहिल्यांदा वीज देताना

बोर्ड एकटा, काहीही न जोडता, लाकडी टेबलावर ठेवा. मल्टिमीटरची काळी सळी मॉड्युलेटरच्या, म्हणजे टीव्हीसाठी चित्र तयार करणाऱ्या भागाच्या, पत्र्याच्या डबीला धरा. खालच्या १६ केबीची मेमरी म्हणजे ४११६ क्रमांकाच्या आठ चिपा. त्यांतल्या कोणत्याही एकीच्या पायांवर मोजायचे: पाय १ वर उणे ५ व्होल्ट, पाय ८ वर अधिक १२, पाय ९ वर अधिक ५. दहा टक्के इकडेतिकडे चालते, ५ व्होल्टला मात्र पाव व्होल्टपेक्षा जास्त सूट देऊ नका. सळी घसरून ८ वरचे १२ व्होल्ट शेजारच्या पायावर गेले तर ती चिप गेली, म्हणून सळीला उष्णतेने आकसणारी नळी चढवून फक्त टोक उघडे ठेवा.

उणे ५ नसेल तर लगेच बंद करा. १२ व्होल्ट चालू आणि उणे ५ गायब, या अवस्थेत ४११६ चिपा एकामागून एक मरतात. १२ आणि उणे ५ हे दोन्ही व्होल्टेज एका छोट्या गुंडाळीजवळच्या टीआर४ आणि टीआर५ या ट्रान्झिस्टरांच्या मंडलात तयार होतात. टीआर४ म्हणजे झेडटीएक्स ६५०, आणि बंद पडलेल्या स्पेक्ट्रममध्ये सर्वांत जास्त वेळा गेलेला भाग हाच. पण तो गेला म्हणून नुसता बदलून मोकळे होऊ नका. तो का गेला? एकतर एखादी ४११६ आतून शॉर्ट झाली आहे, किंवा कोणीतरी वीज चालू असताना यंत्राच्या मागच्या बाजूच्या जोडणीच्या पट्टीला काहीतरी जोडले होते. पहिले कारण तसेच राहिले तर नवा ट्रान्झिस्टरही काही सेकंदांत जाईल. अर्ध्या मिनिटासाठी वीज देऊन चिपांवर बोट फिरवा. जिच्यावर बोट टिकत नाही तिच्यावर पहिला संशय. टीआर४च्या जागी दुसरा ट्रान्झिस्टर लावणार असाल तर पायांचा क्रम डेटाशीटवर पडताळा, दुकानातला "सेम टू सेम" बरेचदा उलट्या पायांचा असतो.

खराब चिप काढताना तिला वाचवायचा प्रयत्न करू नका. पाय कापा, धड काढा, मग एकेक पाय चिमट्याने ओढा आणि जागी सॉकेट बसवा. आठही चिपांच्या जागी बसणारे नव्या मेमरीचे मॉड्यूल मिळते, पण ते बसवले म्हणजे टीआर४चे मंडल दुरुस्त करायचे नाही असे समजू नका. चित्रात रंग भरणाऱ्या भागालाही १२ व्होल्ट लागतात.

चित्र

मूळ जोडणी टीव्हीच्या अँटेनाची, यूएचएफ ३६ व्या वाहिनीवर. ती विसरा. मॉड्युलेटरच्या डबीत बाहेरून दोन तारा जातात, एक ५ व्होल्टची आणि एक चित्राची. दोन्ही सोडवा. डबीच्या आत गोल सॉकेटच्या मधल्या टोकाला जोडलेला रेझिस्टर तोडा आणि चित्राची तार १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून त्या टोकाला जोडा. कपॅसिटरचे धन टोक बोर्डाकडे. ५ व्होल्टच्या तारेला टेप लावा, ती मोकळी लोंबकळत ठेवू नका.

आता साधी पिवळी एव्ही केबल चालेल. नव्या टीव्हीला पिवळे सॉकेट नसून ३.५ मिमीचे भोक असते आणि त्यात लावायच्या केबलीतला तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा. चित्र आले नाही तर बोर्डाला दोष देण्याआधी लाल आणि पांढरी टोके लावून बघा, तिन्हींपैकी एकावर चित्र असते. स्पेक्ट्रमचे पाल (जुन्या टीव्हीची रंगपद्धत) चित्र ५०.०८ हर्ट्झचे आणि विनाइंटरलेस असते, म्हणून काही एलईडी टीव्ही ते काळेपांढरे दाखवतात किंवा नाकारतात. घरात जुना काचेच्या नळीचा टीव्ही असेल तर भंगारात देऊ नका.

कॉपीराइटची १९८२ सालची ओळ आली की मेमरीतल्या २३७३२ आणि २३७३३ या पत्त्यांवर पीक करा, म्हणजे यंत्राच्या बेसिक भाषेतल्या त्या नावाच्या आदेशाने तिथले आकडे वाचा. दुसरा आकडा २५६ ने गुणून पहिल्यात मिळवा. ६५५३५ आले तर मेमरी पूर्ण आहे. ३२७६७ आले तर वरची ३२ केबी मेलेली आहे, यंत्र १६के म्हणून चालेल.

बटणे

सगळी बटणे एकदम मेली असतील तर पट्ट्या नीट खोचलेल्या नाहीत. ठरावीक बटणे मेली असतील तर नमुना बघा. १ ते ५, किंवा क्यू ते टी, अशी शेजारची पाच गेली असतील तर आठ तारांच्या पट्टीत चीर आहे. १, क्यू, ए, शून्य, पी, एंटर, कॅप्स शिफ्ट आणि स्पेस अशी विखुरलेली आठ एकदम गेली तर पाच तारांच्या पट्टीत. चीर टोकाजवळ असेल आणि पट्टी पुरेशी लांब असेल तर अर्धा सेंटिमीटर सरळ कापून पुन्हा खोचा. हे एकदा जमते, फार तर दोनदा. नवे पटल आजही बनते, तेच आणणे उत्तम. चिकटपट्टी आणि चांदीच्या रंगाची डागडुजी महिनाभरही टिकत नाही.

साठवण

खर्च न करता सुरुवात फोनने होते. त्या काळी प्रोग्रॅम कॅसेटवरून आवाजाच्या रूपात लोड होत. अशा टेपची फाइल वेव्ह या आवाजाच्या फाइलीत बदला, फोन फ्लाइट मोडवर, आवाज पूर्ण, इक्वलायझर बंद, आणि केबल कानाचे चिन्ह असलेल्या सॉकेटात. मोनो पिन वापरा. पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी पट्टे येतात, मग निळे-पिवळे. लाल-आकाशीवरच अडकले तर आवाज कमी पडतोय. निळे-पिवळे येऊन "टेप लोडिंग एरर" आली तर आवाज फाटतोय किंवा मधे फोनची घंटी वाजली.

रोज वापरायचे तर डिव्हएमएमसी ही मेमरी कार्डाची जोडणी घ्या, ती मागच्या पट्टीवर बसते. पट्टी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सॅन्डपेपर नको. जोडणीच्या सॉकेटात पट्टीच्या खाचेत अडकणारा तुकडा आहे ना ते पाहा. तो नसेल तर सॉकेट एक घर सरकून बसते आणि ९ व्होल्ट नको तिथे जातात. बसवणे-काढणे नेहमी वीज बंद करूनच. स्पेक्ट्रमला बंद करायचे बटण नाही, आणि प्लसवरचे रीसेट बटण म्हणजे वीज बंद नव्हे.

कार्ड ८ जीबीचे पुष्कळ झाले, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेले. ईएसएक्सडॉस, म्हणजे ही जोडणी चालवणारी प्रणाली, तिचे सिस्टिम फोल्डर कार्डाच्या मुळाशी टाका. जोडणीच्या रॉममधली आवृत्ती आणि कार्डावरची आवृत्ती एकच हवी, नाहीतर सुरू होतानाच तक्रार येते. हा घोळ इतक्यांचा होतो की जोडणी बदलून आणण्याआधी दहा वेळा हेच तपासा.

काम कसले द्यायचे

इंटरनेट, बँक, पत्रव्यवहार यांचा नाद सोडा. यंत्र छोट्या, ठरलेल्या कामांना उत्तम आहे, कारण सुरू व्हायला दोन सेकंद लागत नाहीत आणि मधे कसलीही सूचना टपकत नाही. टासवर्ड टू या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीत ६४ अक्षरे बसतात, इंग्रजी टाचणे लिहायला ते पुरते.

दुधाचा हिशोब घ्या. १२ बाय ३१ चा अंकांचा ॲरे, म्हणजे तक्ता, करा. एक अंक ५ बाइट खातो, म्हणजे वर्षाचा हिशोब १,८६० बाइटांत. बेसिकला सुमारे ४१ हजार बाइट मोकळे असतात, त्यामुळे पेपरवाला आणि इस्त्रीवालाही त्यात मावतील. चूक होते ती एका ठिकाणी: प्रोग्रॅम रन म्हणून सुरू केला की सगळे चल, म्हणजे प्रोग्रॅमने साठवलेले आकडे, पुसले जातात, वर्षाचा हिशोब गेला. म्हणून ॲरे पहिल्या ओळीत एकदाच तयार करा आणि नंतर कायम गो टू म्हणून दुसऱ्या ओळीपासून सुरू करा. सेव्ह केल्यावर प्रोग्रॅमसोबत चलही जातात. लाइन शब्द जोडून सेव्ह केलेत तर लोड होताच तो त्या ओळीपासून चालू होतो, आकडे शाबूत. ईएसएक्सडॉसवर सेव्हनंतर तारकाचिन्ह, मग अवतरणात नाव. पहिल्यांदा लगेच परत लोड करून महिन्याची बेरीज जुळते का पाहा.

स्वयंपाकघरातला टायमरही होतो. २३६७२ पासूनच्या तीन पत्त्यांत मिळून साठवलेला आकडा सेकंदाला ५० ने वाढतो, म्हणजे कुकर बारीक केल्यावरची दहा मिनिटे म्हणजे ३०,०००. सुरुवातीला तिन्हींत शून्य पोक करा, म्हणजे त्या नावाच्या आदेशाने लिहा. वाचताना दोनदा वाचून मोठा आकडा घ्या, मधेच हातचा आला तर पहिला २५६ ने चुकतो. घड्याळ म्हणून मात्र वापरू नका. ते दिवसाला सव्वादोन मिनिटांहून जास्त पुढे पळते आणि बीप वाजताना थांबते.

मराठी? स्वतः घडवायची २१ चित्राक्षरे मिळतात, प्रत्येक ८ बाय ८ ठिपक्यांचे. ६५३६८ पासून आठ पत्त्यांवर २५५, ३४, ३४, ३४, १२६, १६२, २२६, २ हे आकडे पोक करा आणि ग्राफिक्स मोडमध्ये ए दाबा, म उमटेल. पहिल्या ओळीत २५५ ठेवल्याने शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा आपोआप जुळतात. २१ त पूर्ण वर्णमाला बसत नाही. त्यासाठी ७६८ बाइटांचा स्वतःचा ९६ अक्षरांचा साचा मेमरीत ठेवून, त्याच्या पत्त्यातून २५६ वजा करून तो आकडा २३६०६ आणि २३६०७ मध्ये टाकावा लागतो. मात्रा आणि वेलांटीला शिरोरेषेवर जागा उरत नाही, त्यांना वरच्या ओळीतली वेगळी घरे द्या, म्हणजे २४ ओळींच्या पडद्यावर मराठीच्या बाराच ओळी मिळतील.