यंत्रमागाचा गोंगाट: संशोधनातील आकडे कारखान्यात कसे उतरवावेत

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील धोट्याने आडवा धागा विणणाऱ्या मागांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना कमी ऐकू येऊ लागते, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र ते वयामुळे झाले असे म्हणून विषय संपवला जातो. गोंगाटाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करावी.

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ साली ८ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सुचवली. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते: ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला अवघी १५ मिनिटे. आपल्याकडील कारखाना नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. परंतु त्याच संस्थेच्या हिशेबानुसार ४० वर्षांच्या नोकरीत श्रवणदोषाची अतिरिक्त जोखीम ८५ डेसिबलला ८ टक्के, तर ९० ला २५ टक्के होते. त्यामुळे केवळ नियम पाळला म्हणून निश्चिंत राहू नये, विशेषतः जेथे पाळी १२ तासांची असते.

मोजण्याचे यंत्र नसले तरी हातभर अंतरावरील माणसाशी आवाज चढवून बोलावे लागत असेल, तर तेथे ८५ च्या वर गोंगाट आहे असे धरून चालावे.

पहिला उपाय यंत्रावर करावा. झिजलेले पिकर (धोट्याला ठोकर देणारे तुकडे) आणि सैल झालेले नट-बोल्ट जॉबरकडून (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) ठरावीक दिवशी तपासून घ्यावेत, कांडी (धोट्यात बसणारी धाग्याची नळी) भरण्याचे यंत्र व हिशेबाचे टेबल भिंतीपलीकडे हलवावे आणि चहाची सुट्टी मागांपासून दूर घेण्यास सांगावे. मालकाला सर्वांत स्वस्त वाटणारे कानातील बोळे खरे तर शेवटचा उपाय आहेत.

तेही नीट बसले तरच उपयोगी पडतात, आणि कारखान्यातलाच कापूस कानात कोंबल्याने जवळजवळ काहीच साधत नाही. फोमचा बोळा स्वच्छ हातांनी, सुरकुती न पडू देता, बारीक वळावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर व मागे ओढावा, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नंतर दोन्ही कानांवर तळवे दाबून पाहावेत. आवाज आणखी बराच कमी झाला, तर बोळा नीट बसलेला नाही. हे नव्या कामगाराला एकदा करून दाखवण्यापेक्षा त्याच्याकडून तीनदा करून घ्यावे.

श्रवणतपासणी नोकरीच्या सुरुवातीला आणि नंतर दरवर्षी करावी. पाळी चालू असताना कामगारांना मागावरून उठवून घेतलेल्या शिबिराचे निकाल फसवे ठरतात, कारण गोंगाटाने कान तात्पुरते बधिर झालेले असतात. पहिल्या तपासणीपूर्वी किमान १२ तास गोंगाटाबाहेर गेलेले असावेत. अहवालाच्या आलेखात ४००० हर्ट्झजवळ खड्डा दिसला, म्हणजे त्या उंच स्वराला ऐकणे घटलेले दिसले, तर त्या कामगाराचे बोळे आणि त्याचा माग दोन्ही त्याच आठवड्यात तपासावेत.